घडीतली घडी

आमच्या रायपुरात घड्याळाला घडी म्हणतात. हिंदी माणूस म्हणतोच, पण मराठी माणूसही म्हणतो. हिंदीच्या शेजारात इतक्या पिढ्या काढल्यावर घड्याळातलं 'याळ' कुठे गळून पडलं ते कुणी मागे वळून पाहिलं नाही. त्यामुळे कपड्याची केलेली ती घडी, आणि खिशात टिकटिकणारी तीही घडीच. बोलणाऱ्याला कोणती म्हणायची आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. एखाद्या वेळी कळत नाही, आणि मग एखाद्या घड्याळाचा जीव जातो. आमच्या घरात तो तसा गेला.

ते घड्याळ बाबांचं. बाबा बीरगांवजवळच्या एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल फोरमन होते. विजेचं काम करणाऱ्यानं मनगटावर आणि बोटात धातू घालू नये, हा त्यांचा नियम. अंगठी नाही, कडं नाही, मनगटी घड्याळ तर नाहीच नाही. लग्नात सासऱ्यांनी दिलेली अंगठी त्यांनी आईच्या डब्यात टाकली ती कायमची. पण पाळीच्या माणसाला वेळ तर बघावीच लागते, म्हणून त्यांनी तात्यापाऱ्यातल्या एका दुकानातून खिशात ठेवायचं, चावी भरायचं गोल घड्याळ घेतलं होतं. अशा घड्याळाला साखळी असते. बाबांनी साखळी दुकानातच काढून दिली आणि तिच्या जागी बुटाची काळी नाडी बांधली. शिंप्याकडून प्रत्येक पँटला आतून एक चोरखिसा शिवून घेतलेला असायचा, घड्याळाची जागा तिथे. काळ्या पँटीवर काळी नाडी कुणाच्या नजरेत यायची नाही.

माझं लग्न झालं आणि बायको साताऱ्याहून रायपुरात आली. तिला इथलं मराठी ऐकून आधी हसू यायचं, मग हसू आल्याबद्दल लाज वाटायची. जेमतेम दोन आठवडे झाले असतील. बाबा रात्रपाळी करून आले आणि कपडे बदलून झोपले. आई पोळ्या करत होती. धुणं घेऊन निघालेल्या सुनेला तिनं तव्यावरून मान न उचलता सांगितलं, "त्यांच्या प्यांटातली घडी काढून ठेवजो, मंग भिजवजो."

सून आज्ञाधारक. तिनं खिशात हात घातला. खिशात इस्त्रीचा, चारी कोपरे जुळवलेला पांढरा रुमाल होता. घडीच ती. तिनं ती नीट काढली, फडताळावर ठेवली, आणि पँट सोड्याच्या कढत पाण्यात बुडवली. बराच वेळ भिजू दिली. मग दगडावर आपटली तेव्हा 'टक' असा आवाज झाला.

आईनं कपाळाला हात लावला. आता ती तोंड उघडणार आणि पुढचं वर्षभर ते बंद होणार नाही, अशी चिन्हं होती. बायको पांढरीफटक पडून न्हाणीच्या दारात उभी. तेवढ्यात गडबडीनं जागे झालेले बाबा आले. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, पाणी निथळू दिलं, लुंगीला पुसलं आणि कानाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग म्हणाले, "चालू आहे. काहून रडून राहिली ते? कारखान्यातली घडी आहे, पाण्यानं काय होते तिले."

आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी तर बाबांच्या घड्याळाची तारीफही केली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि त्याच तात्यापाऱ्यातल्या दुकानी नेलं. दुकानदारानं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि लगेच काढलंही. चाकांमध्ये सोड्याचा पांढरा थर बसला होता, स्प्रिंग तुटली होती, आणि असले पार्ट आता येत नाहीत असं तो म्हणाला. बाबांनी झाकण लावून द्यायला सांगितलं. वरची काच तेवढी घासूनपुसून चकचकीत करून घेतली. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरी बोलायचं नाही. नवी पोट्टी आहे, जन्मभर मनाले लावून घेईन."

मी बरं म्हटलं. मेलेलं घड्याळ चालू आहे म्हणून किती दिवस दाखवता येतं? मला वाटलं, आठवडाभर. फार तर दिवाळीपर्यंत.

बाबांनी ते पुढची तीसएक वर्षं चालवलं.

त्यांची रीत मी सांगतो. आमच्या बैठकीत त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारासमोर होती आणि दारावर भिंतीचं घड्याळ. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायकोला ते दिसायचं नाही, कारण ते तिच्या डोक्यावर पण पलीकडच्या बाजूला. ती आतून विचारायची, "बाबा, किती वाजले?" बाबा आधी भिंतीकडे बघायचे. मग सावकाश चोरखिशातून घड्याळ काढायचे, हात लांब करून धरायचे आणि वेळ सांगायचे. वेळ कायम बरोबर असायची. सकाळी चहानंतर सगळ्यांसमोर चावी भरायचे. तुटक्या स्प्रिंगेची चावी कितीही फिरवा, फिरतच राहते. पण बाबा नेमकं चालू घड्याळाला जेवढी भरावी तेवढीच भरून थांबायचे. वर म्हणायचे, जास्त भरली की स्प्रिंग तुटते.

मला या नाटकाचा भयंकर राग यायचा. मी तसा लवकर तापणारा माणूस आहे, हे घरात कुणालाही विचारा. बाबा निवृत्त झाले तेव्हा मी म्हटलं, आता वीजही नाही आणि मिलही नाही, एक चांगलं मनगटी घड्याळ घेऊ. बाबा म्हणाले, "आहे ना माह्यापाशी." पुन्हा एकदा म्हणालो, पुन्हा तेच उत्तर. नवं घेतलं असतं तर जुनं बंद आहे हे कबूल करावं लागलं असतं ना.

बाहेर तर पंचाईतच. एकदा नात्यातल्या एका लग्नात भटजींचं घड्याळ घरी राहिलं. मुहूर्त जवळ आलेला, अंतरपाट धरलेला. भटजींना बाबांच्या पँटीवरची नाडी कशी दिसली कोण जाणे, त्यांनी बाबांनाच वेळ विचारली. बाबांनी घड्याळ काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मनगट वर करून डोकं खाजवलं. माझ्या घड्याळात बघून बाबांनी आपल्या घड्याळातली वेळ सांगितली आणि अक्षता पडल्या. त्या जोडप्याचा संसार चांगला चाललाय, म्हणून मी आजवर गप्प आहे. तेव्हापासून कार्यात, बाजारात, स्टेशनावर, कुणी बाबांना वेळ विचारली की माझा हात आपोआप डोक्याकडे जायचा.

असंच चालत राहिलं असतं. पण आई गेली, आणि त्यानंतर बाबांची नजर कमी होत गेली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. जवळ धरलेलं, मोठं, काळं अक्षर दिसायचं. लांबचं धुकट ते धुकटच राहिलं. आम्ही काठी आणली, न्हाणीत धरायला दांडा बसवला, जिन्यात जास्तीचा दिवा लावला. भिंतीवरच्या घड्याळाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

एका संध्याकाळी बायकोनं आतून नेहमीसारखं विचारलं, "बाबा, किती वाजले?" मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. बाबांनी मान वर केली, दाराच्या वर बघत राहिले. डोळे बारीक केले. मग खिशातून घड्याळ काढलं आणि थोडं थांबून म्हणाले, "साडेपाच झाले असतीन."

बाहेर काळोख पडून गेला होता. रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि गल्लीतल्या मंदिरातली आरती कधीच आटोपली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "हव बाबा." आणि भाताचा कुकर चढवल्याचा आवाज आला.

मी आत गेलो. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "बाबांना आता भिंतीवरचं दिसत नाही."

दिल्या वचनाला जागून मी म्हणालो, "भिंतीवरचं कशाला? त्यांच्या खिशात आहे ना."

ती वळली. "तुम्ही पण ना. ती घडी बंद आहे हे मला मी इथे आल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत आहे."

बाबा अंघोळीला गेले असताना तिनं ती एकदा कानाला लावून पाहिली होती. काटे कुठे आहेत ते बघून ठेवलं. आठ दिवसांनी पुन्हा पाहिलं, तर काटे तिथेच.

मला आधी राग आला. साहजिक आहे. एक जण हिला कळू नये म्हणून नाटक करतोय, दुसरी त्यांना कळू नये म्हणून त्यांच्या नाटकाला टाळ्या देतेय, आणि मधल्या मध्ये मी! मग लग्नाकार्यात मनगट वर करून मी डोकं खाजवत होतो ते कुणासाठी? लोकांना तर वाटत असेल याच्या डोक्यात कोंडा आहे. मी तिला हे बोलूनही दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली की तिनं सांगितलं असतं तर बाबांनी इतकं केलेलं सगळं फुकट गेलं असतं. तिच्या हातात मोबाइल असतो, ओव्हनवर आकडे दिसतात. तरी ती रोज बाबांना वेळ विचारायची, कारण वेळ सांगायला बाबांना आवडायचं.

त्या संध्याकाळनंतर बाबांनी घड्याळ बाहेर काढणं बंद केलं. आपण चुकलो हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. कदाचित कुकरच्या शिट्टीनं, कदाचित 'हव' जरा जास्तच लवकर आल्यानं. बायको विचारायची, तर म्हणायचे, "तूच पाय ना बेटा भिंतीवर." सकाळची चावीही थांबली. बाबा खुर्चीत बसून असायचे. जेवण झालं का, दिवे लागले का, एवढंच विचारायचे. बायकोनं मोठ्ठ्या आकड्यांचं भिंतीचं घड्याळ आणून लावलं, तेही त्यांना दिसेना. आमची लेक कॉलेजात जाते. तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत येतं. तिनं आजोबांना फोनशी बोलायला शिकवलं, फोन वेळ सांगायचा. दोन दिवसांनी बाबांनी फोन परत केला. म्हणाले, "हे मले सांगते. मले दुसऱ्याले सांगायची सवय आहे."

तेव्हा बायकोनं ठरवलं की बाबांना चालू घडी घेऊन द्यायची. हातात धरून डोळ्याजवळ नेता येईल अशी, मोठ्या काळ्या आकड्यांची, चावीची, खिशातली. मी म्हटलं, घेऊ की, त्यात काय. ती म्हणाली, घेणं सोपं आहे, देणार कशी? नवी द्यायची तर जुनी खिशातून काढायला लावायची, आणि काढताना ते काय म्हणतील? जुनी बंद आहे असं म्हणायला लागलं तर त्यांना वाटेल की सुनेला आज कळलं. आणि तिला आधीपासून माहीत होतं असं समजलं तर इतकी वर्षं आपण उगीच वेडे ठरलो असं वाटेल. मी म्हणालो, खिशात हळूच बदलून टाक. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर वाचायला निघून गेलो.

मार्ग निघाला तो बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनानं. बाबांना एक्याऐंशी पूर्ण होत होती. नागपूरहून, बिलासपूरहून माणसं येणार होती. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं मीच ठसठशीत छापून घेतलं होतं. बायको म्हणाली, हे घरच्यांना लागू नाही, आणि ओवाळून झाल्यावर पुढे केलेला आहेर परत करता येत नाही.

लेकीनं फोनवर खिशातली घड्याळं दाखवायला सुरुवात केली. झाकणावर रेल्वेचं इंजिन, झाकणावर कवटी, झाकणावर गरुड. "पापा, ये देखो, एकदम एंटिक लुक." आतलं यंत्र मात्र सेलवर चालणारं. मालवीय रोडवरच्या मोठ्या दुकानात गेलो तर तिथेही इंजिनच. मखमली डबीत ठेवलेलं. बायकोनं उचलून कानाला लावलं आणि परत ठेवलं. चाबीवाली दाखवा म्हणाली. विकणाऱ्या मुलीनं आम्हाला थंडगार पाणी दिलं आणि म्हणाली की आंटी, आता चाबी कोण भरतं. आणि ब्लडप्रेशर मोजणारं एक मनगटी यंत्र समोर ठेवलं. मी त्याचे फायदे ऐकू लागलो होतो. बायकोनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

शेवटी तात्यापाऱ्यातला तोच जिना. जुना दुकानदार कधीच वारला होता. त्याचा पुतण्या आता तिथे बसतो आणि सेल बदलणं आणि पट्टे विकणं यावर दुकान चालवतो. खिशातली घडी म्हटल्यावर त्यानं नको नकोच केलं. असली घडी लोक शोकेसमध्ये ठेवायला नेतात, आठवड्यानं चालत नाही म्हणून भांडायला येतात, असं त्याचं गाऱ्हाणं. बायकोनं त्याला सांगितलं की ही रोज वापरायला हवीय. तेव्हा त्यानं स्टुलावर चढून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला. आत कापसात तीन घड्याळं होती.

पहिलं झाकणाचं, देखणं. मला तेच आवडलं. बायकोनं झाकण उघडायची कळ दाबून पाहिली आणि म्हणाली, बाबांच्या अंगठ्यात आता एवढा जोर नाही. दुसऱ्यावर रोमन आकडे, नाजूक काटे. ते तिनं नाकापर्यंत आणलं आणि खाली ठेवलं. तिसरं अगदी साधं. बिनझाकणाचं, पांढऱ्या तबकडीवर ठळक काळे आकडे, काठावर एक लहानसा पोचा. त्याची चावी मात्र बोराएवढी जाड आणि खरखरीत. बायकोनं डोळे मिटले आणि दोन बोटांत धरून ती फिरवली. बाबांची बोटं जशी आखडली आहेत तशी तिनं आपली आखडून धरली होती. हे ती कधी शिकली मला माहीत नाही. कर्र कर्र आवाज झाला, मग टिकटिक सुरू झाली. तिथल्या पंख्याच्या घरघरीतही ऐकू येत होती.

"यही," ती म्हणाली.

मग तिनं ते माझ्या पँटीच्या खिशात ठेवलं आणि मला दारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. फुगवटा दिसतो का ते बघायला. मी भर दुकानात फेरी मारली. एक गिऱ्हाईक पट्टा बदलायचा सोडून माझ्याकडे बघत होतं.

दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं की पुराना माल है, दिवसाला चार-पाच मिनिटं मागे पडेल, मिलवत जा. बायको म्हणाली चालेल. मग अगदी गंभीरपणे तिनं विचारलं, "भैया, पानी में गिर जाए तो?"

"जेब की घडी पानी में काहे गिरेगी, दीदी?"

"गिरती है," ती म्हणाली. "हमारे यहाँ गिरती है."

मला हसू आवरेना, आणि मला हसताना बघून तिलाही. दुकानदार आमच्याकडे बघत राहिला.

साखळी मात्र तिनं घेतली नाही. खाली उतरल्यावर चपलांच्या दुकानातून बुटाची काळी नाडी घेतली. नाडी जोडीनंच मिळते. दुसरी अजून आमच्या कपाटात पडली आहे.

ई-रिक्षात बसल्यावर मी तिची थट्टा केली. म्हटलं, साताऱ्याची पोरगी दुकानात काय झोकात घडी-घडी करत होती, आता माहेरचे लोक ओळखणार नाहीत. ती म्हणाली, "आणि बाबा घड्याळ म्हणतात."

मी म्हणालो, शक्यच नाही. बाबा आणि घड्याळ? जन्म इथे गेला त्यांचा.

"आठवून बघा. घरात काय म्हणतात?"

मी आठवू लागलो. 'माही घड्याळ कुठं गेली?' 'माही घड्याळ बरोबर चालून राहिली.' कानात बाबांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. पानठेल्यावर, मिलच्या जुन्या मित्रांत ते घडीच म्हणायचे, हे मला पक्कं माहीत होतं. घरात मात्र घड्याळ. 'ते घड्याळ' म्हणायचं त्यांना जमलं नाही. शब्द सुनेचा घेतला आणि त्याला आपल्या घडीचं स्त्रीलिंग लावून टाकलं. इतकी वर्षं मी ते ऐकत होतो आणि मला वाटत होतं की म्हातारा माणूस काहीतरी सरमिसळ बोलतो.

बायको म्हणाली, "पाण्यात पडली त्या दिवशी शेवटचं घडी म्हणाले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, माही घड्याळ दे बेटा. मला तेव्हाच कळलं की तो शब्द ते माझ्यासमोर काढणार नाहीत. मग मी ठरवलं, आपण घडीच म्हणायचं."

तेवढ्यात ई-रिक्षावाल्यानं खड्ड्यात गाडी घातली, म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी घर भरलं होतं. ताटात निरांजनं लावली होती, बाबा नवं धोतर नेसून पाटावर बसले होते. धोतराला कुठला चोरखिसा. पण नाडी बंडीच्या काजातून लोंबत होती. जुनं घड्याळ तिथेही बरोबर होतं. सकाळी मी बायकोला विचारलं होतं की डबी कुठे आहे. तिनं मला दाखवलं. डबी नव्हतीच. इस्त्री केलेला एक पांढरा रुमाल होता, चारी कोपरे जुळवलेला. घड्याळ त्याच्या आत होतं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, घडी.

मला धडकी भरली. बाबांना ते लागलं तर? सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांचं तोंड पडलं तर? पण आता बोलायला उशीर झाला होता. बायकांनी ओवाळलं. सगळ्यांत शेवटी बायकोनं ओवाळलं आणि तो रुमाल बाबांच्या ओंजळीत ठेवला.

बाबांना रुमाल आधी दिसला नसावा, हाताला लागला. त्यांनी वजन जोखलं. बोटं कोपऱ्यांवरून फिरली. मग एक घडी उलगडली, दुसरी उलगडली, आणि टिकटिक त्यांच्या मांडीवर बाहेर पडली. त्यांनी ते उचलून पार नाकाशी नेलं. आकड्यांवरून नजर फिरवली. कानाला लावलं, आणि त्या दिवशी न्हाणीच्या दारात लावलं होतं तितकाच वेळ लावून ठेवलं. खोलीत माझी आत्या जवळ बसली होती, ती विचारत होती की दादा, काय आहे, काय दिलं सुनेनं? बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बायको समोर ताट धरून उभी होती.

बाबा म्हणाले, "या वेळेस बरोबर घडी काढली तुनं, बेटा."

आत्याला वाटलं, पसंतीची पावती आहे. ती म्हणाली, हो ना, सूनबाईची पसंती छानच आहे. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. खोलीतल्या तिघांनाच कळलं. बायको हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. तिनं ताट माझ्या हातात कोंबलं आणि खाली वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग बंडीच्या काजातली जुनी, विरलेली नाडी सोडवली. ते घड्याळ त्यांनी त्याच रुमालात ठेवलं, चाचपडत चारी कोपरे जुळवले आणि तिच्या हातात दिलं. म्हणाले, "हे आता भिजवली तरी चालते."

मी ताट घेऊन देवघरात गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. सांगायला लाज कसली, रडलो.

आता सकाळी चहा झाला की पुन्हा चावी भरली जाते. कर्र कर्र आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. कुणी विचारो न विचारो, बाबा वेळ सांगतात. दूधवाल्याला सांगतात, फोन करणाऱ्या राँग नंबरलाही सांगतात. घरात आता ते घडी म्हणतात.

दुकानदार म्हणाला होता तसं घड्याळ मागे पडतं. मधे एका सकाळी बायकोनं आतून विचारलं, "बाबा, किती वाजले?" बाबांनी घड्याळ नाकाशी नेलं आणि आठ वाजले म्हणाले. मी बूट घालत होतो. सिलतऱ्याकडे जाणारी आमची ऑफिसची बस ठरल्या वेळी सुटते, एक मिनिट थांबत नाही. मी भिंतीकडे बघून म्हणालो, "नाही बाबा, आठ वाजून..."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पदराला पुसले, स्टूल ओढलं, वर चढली आणि भिंतीवरचं घड्याळ काढून त्याचे काटे मागे फिरवले. खिळ्याला परत अडकवून नीट सरळ केलं. "आठच वाजलेत," ती म्हणाली. बाबांनी मान हलवली आणि घड्याळ खिशात ठेवलं.

तेव्हापासून आमच्या घरात बाबांच्या घडीनं वाजतं. बस हमखास चुकते आणि मी स्कूटर काढून धावत सुटतो. ऑफिसात साहेब विचारतात, आजकाल रोज लेट काहून होऊन राहिले? तुमच्या घडीत किती वाजले?

मी मनगट वर करतो आणि डोकं खाजवतो.